गुडघे दुखतात म्हणून आई-बाबांना बसवून ठेवताय? या चुका टाळा

साठी-पासष्टीनंतर गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली की घरातली माणसं सगळ्यात आधी एक गोष्ट करतात: त्या माणसाची कामं काढून घेतात. "अहो आई, तुम्ही बसा, मी बघते." "बाबा, दूध मी आणतो, तुम्ही कशाला जिने उतरताय?" फिजिओथेरपिस्ट म्हणून मी घरोघरी जाते तेव्हा हे रोज ऐकते. यामागे निव्वळ माया असते. पण गुडघ्याच्या जुनाट दुखण्यात, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात, सगळ्यात जास्त नुकसान या बसवून ठेवण्यानेच होताना मी पाहते.

गुडघ्यावर येणारा भार सांध्याच्या आधी मांडीच्या पुढच्या स्नायूने पेलायचा असतो. उठबस थांबली की हा स्नायू रोडावतो, आणि म्हातारपणी फार लवकर रोडावतो. मग तोच भार सांध्यावर येतो, दुखणं वाढतं, दुखतं म्हणून माणूस आणखी बसतो. वर्षभरात गोष्ट खुर्चीतून उठताना हात द्यावा लागण्यापर्यंत येते आणि घरचे म्हणतात, "आईचे गुडघे फारच गेले हो." गुडघ्यांपेक्षा मांड्या जास्त गेलेल्या असतात.

कामं काढून घेऊ नका, त्यांची पद्धत बदला. भाजी जमिनीवर बसून निवडण्याऐवजी टेबलाशी बसून निवडता येते. ओट्याशी उंच स्टूल ठेवलं तर अर्धं टेकून फोडणी घालता येते. पूजा पाटावर बसून करायची सवय असेल तर देवघर थोडं वर घ्या आणि समोर खुर्ची ठेवा. पाण्याचा तांब्या मात्र मुद्दाम हाताशी आणून ठेवू नका. दिवसातून आठ-दहा वेळा पाण्यासाठी उठणं हा आयता व्यायाम आहे.

"गुडघे झिजलेत, चाललं की आणखी झिजतील"

एक्स-रेचा रिपोर्ट आला की हे वाक्य घरात कायमचं मुक्कामाला येतं. "गॅप कमी झालाय", "वंगण संपलंय" ही त्याचीच भावंडं. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि पाय टेकला-उचलला, भार आला-गेला की तो द्रव कूर्चेत खेळता राहतो. म्हणजे बेताची हालचाल कूर्चेची गरजच आहे. शिवाय एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. भयंकर दिसणाऱ्या एक्स-रेची माणसं मजेत मंडईत जाऊन येतात, तर साध्या एक्स-रेची माणसं रात्रभर कण्हतात.

उपचारांबाबत सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांधे झिजण्याच्या या संधिवातात (ऑस्टिओआर्थ्रायटिस) प्रत्येकाला व्यायाम सुचवावा असं म्हटलं आहे, आणि सुरुवातीला दुखणं थोडं वाढू शकतं हे आधीच सांगून ठेवावं असंही. हे दुसरं वाक्य माझ्या दृष्टीने फार मोलाचं आहे. आधी सांगितलेलं नसलं की तिसऱ्या दिवशी "व्यायामाने दुखणं वाढलं" म्हणून सगळं बंद पडतं.

मग किती दुखलं तर चालेल? शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, असा आकडा त्यांनाच विचारा. व्यायाम करताना तो चार-पाचपर्यंत गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या जागी आला, तर काळजी करू नका. सकाळीही चढलेलाच असेल तर मात्रा जास्त झाली. पुढच्या वेळी कमी करा, पण बंद करू नका.

बऱ्या दिवशी सगळं, वाईट दिवशी काहीच नाही

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. बघा, गणपतीत काय होतं. आदल्या आठवड्यात आई जपून असते. हरतालिकेच्या दिवशी जरा बरं वाटतं आणि ती माळ्यावरची भांडी काढते, सजावटीत हात घालते. चतुर्थीला पहाटेपासून ओट्याशी उभी राहून एकवीस मोदक, मग पाहुण्यांची ताटं, मग आरतीला तास-दीड तास उभं राहणं. ऋषिपंचमीला पाऊल टाकवत नाही. पुढचे पाच-सहा दिवस पलंग. उठते तेव्हा आधीपेक्षा कमजोर झालेली असते, आणि घर ठरवून टाकतं की आईला आता काम झेपत नाही.

तिला काम झेपत होतं, पण एका दिवसात आठवड्याचं झेपलं नाही. यावर उपाय असा: सगळ्यात वाईट दिवशीसुद्धा ती न थांबता किती मिनिटं चालू किंवा उभी राहू शकते ते पाहा. समजा आठ मिनिटं. मग रोजची सुरुवात सहा मिनिटांपासून करा, आणि बऱ्या दिवशीही सहाच. इथेच सगळे अडतात, कारण बरं वाटत असताना थांबायला जिवावर येतं. आठवडाभर नीट जमलं की मिनिटभर वाढवा. दिवसातून दोन-तीनदा सहा मिनिटं हे सकाळच्या एका सलग अर्ध्या तासापेक्षा सोसायला सोपं जातं. सणाच्या दिवशी मोदक वळायला खुर्ची-टेबल, दर वीस मिनिटांनी उठून दोन फेऱ्या, आणि भांडी आदल्या दिवशी दुसऱ्या कुणी काढायची.

वारीचंही तेच. आळंदी ते पंढरपूर पायी जायची इच्छा असेल तर त्या इच्छेला हसू नका, अडवूही नका. पण तयारी काही महिने आधी सुरू व्हायला हवी, आणि पहिल्या वर्षी एक-दोन टप्पे चालले तरी ती वारीच.

फक्त चालणं म्हणजे व्यायाम नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांनुसार 65 वर्षांवरच्यांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करावेत आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे. 150 चा आकडा ऐकून घाबरू नका. अजिबात न हलण्यापेक्षा थोडं हलणंही चांगलं, असं त्याच सूचनांत लिहिलं आहे. ताकद आणि तोल मात्र आपल्याकडे सगळे विसरतात.

एकच व्यायाम निवडायचा तर मी खुर्चीतून उठणं-बसणं निवडेन. हलक्या प्लॅस्टिकच्या खुर्चीपेक्षा लाकडी, हातांची खुर्ची घ्या आणि ती भिंतीला टेकवा. बैठक बुटकी असेल तर वर चादरीची घट्ट घडी ठेवा. आईला पुढे सरकून बसायला सांगा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे. आता पुढे झुकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि मग उठायचं. सुरुवातीला खुर्चीच्या हातांचा आधार चालेल. खरी मेहनत बसताना आहे. बहुतेक जण शेवटच्या वितीत धपकन बसतात. "एक, दोन, तीन" मोजत हळू बसवा. पाच वेळा झालं की थांबा. पाच सोपे वाटू लागले की चादरीची एक घडी कमी करा.

तोलासाठी ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा वर उचलणं पुरेसं आहे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होऊन जातं.

पहाटे पाचला उपाशीपोटी फिरायलाच हवं हा हट्ट सोडा. झोपून उठल्यावर सांधे आखडलेले असतात. अंघोळ-चहा होऊन ते मोकळे झाले की चालणं सुखाचं होतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी चालण्याने साखर उतरण्याची भीती असते, ते वेगळंच.

छोट्या वाटणाऱ्या चुका

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. उभं राहून हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी, आणि खालचं रबरी बूच झिजलं की बदलावं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. घरात सपाट, गुळगुळीत स्लिपर नकोत. नी कॅपने धीर येतो, पण दिवसभर घालून तिच्यावर विसंबू नका. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झाला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो. पाच किलोंचं ध्येयसुद्धा पुष्कळ झालं.

गोळ्यांबाबत मात्र थोडं थांबून वाचा. शेजाऱ्यांना गुण आला म्हणून मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज देऊ नका. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या पोटाला, मूत्रपिंडाला आणि हृदयाला त्रास देऊ शकतात, रक्तदाब वाढवू शकतात, आणि रक्तदाबाच्या किंवा लघवी होण्याच्या गोळ्यांबरोबर हा धोका वाढतो. लावायचं मलम चालेल का ते डॉक्टरांना आधी विचारा.

आणखी एक. सकाळी उठल्या उठल्या "आज किती दुखतंय?" असं विचारणं बंद करा. "आज कट्ट्यावर कोण कोण आलं होतं?" असं विचारा. ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब, देवळातलं भजन, कुठेही चार माणसांत जाण्यासाठी जो पाय घराबाहेर पडतो, तो व्यायामाच्या तक्त्यासाठी पडत नाही.

कधी थांबायचं

सांधा लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, पडल्यानंतर पायावर भार देता येईना, पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, चालताना छातीत दुखलं किंवा दम लागला, पायांतली ताकद अचानक गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. वजन कारण नसताना उतरतंय आणि रात्री झोपूनही दुखणं थांबत नाही, तेव्हाही दाखवायला उशीर करू नका.

एरवी दुखणं मधूनच उसळतं आणि उसळणारच. त्या दोन-तीन दिवसांत शेक घ्या, पलंगावर पडल्या पडल्या मांडीचा स्नायू आवळून पाच मोजेपर्यंत धरून सोडा, आणि दर तासाला घरातल्या घरात उठून या. उतार पडला की जिथे सोडलं होतं तिथून सुरू करू नका. सहा मिनिटं चालत असतील तर तीनपासून, पाच वेळा उठत असतील तर दोनपासून.