सेल्फ लागत नाही? बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग तपासा
पावसाळ्यात सिंहगड रोडला साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, आणि दुसऱ्या दिवशी चावी फिरवल्यावर नुसतं 'टक्' वाजलं, तर लगेच नवी बॅटरी घेऊ नका. साधा मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. ती आधी चार्ज करून घ्या.

बॅटरी भरलेली असूनही सेल्फ फिरत नसेल, तर पुढची चाचणी कराच. बहुतेक जण नेमकी हीच सोडून देतात. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटरची एक पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा (वरच्या क्लॅम्पवर नव्हे, नाहीतर क्लॅम्पखालचा गंज सापडणारच नाही), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. आता कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर दोष अर्थच्या वाटेत, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतच्या जोडणीत आहे. निगेटिव्ह क्लॅम्प आणि अर्थचा बोल्ट सोडवा, सँडपेपरने लख्ख घासा, घट्ट आवळा.

अर्थ ठीक निघाला, तर चावी स्टार्टवर धरून स्टार्टरच्या बारीक वायरवर (चावीकडून येणाऱ्या) व्होल्ट पाहा. तिथे काहीच येत नसेल, तर फ्यूज, रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) आणि इग्निशन स्विच (चावीचा) याच क्रमाने तपासा.