गाडीचे रिकॉल: कोकणातील गाडीमालकाने पत्राची वाट का पाहू नये

आगोट जवळ आली की कोकणात कौले चाळली जातात, लाकूडफाटा आत घेतला जातो आणि गाडीचे वायपर, ब्रेक व टायर गॅरेजमध्ये दाखवून घेतले जातात. या कामांत आणखी एकाची भर घालावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे: आपल्या गाडीवर एखादे रिकॉल प्रलंबित आहे का, हे पाहावे.

गाडी बनतानाच तिच्यात राहिलेला आणि जिवाला धोका ठरू शकणारा दोष नंतर लक्षात आला, तर कंपनी त्या काळात बनलेल्या गाड्या परत बोलावते आणि सदोष भाग तपासून विनामूल्य दुरुस्त करते किंवा बदलते. यालाच रिकॉल म्हणतात. खाऱ्या वाऱ्याने गंजलेला सायलेन्सर किंवा पुरात भिजलेले वायरिंग त्यात बसत नाही.

रिकॉलचे पत्र किंवा संदेश कंपनीकडे नोंदलेल्या मालकाकडे जातो, आणि आपल्याकडची खरी अडचण येथेच आहे. मुंबई-ठाण्यात काही वर्षे चाललेल्या कितीतरी गाड्या पुढे रत्नागिरी-सिंधुदुर्गात येतात. आरसीवर नाव बदलले तरी कंपनीच्या नोंदीत जुनाच पत्ता व जुनाच फोन राहू शकतो. आमच्या घरातील गाडी अशीच एका नातेवाइकांकडून घेतलेली होती. तिच्या रिकॉलचे पत्र त्यांच्या ठाण्याच्या जुन्या घरी गेले आणि आम्हांला ते कित्येक महिन्यांनी, गणपतीत ते गावी आले तेव्हा, बोलता बोलता कळले. तेवढा काळ आम्ही त्याच गाडीतून मुलांना घेऊन घाट उतरत होतो, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

म्हणून तपास स्वतःच करावा. आरसीवर किंवा विम्याच्या कागदावर असलेला चॅसिस नंबर हाताशी घ्यावा. तो १७ अक्षरे व अंक मिळून बनतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरली जात नाहीत. त्यामुळे ओ वाटणारे चिन्ह शून्य समजावे. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर हा नंबर टाकून रिकॉल तपासता येते. ते न जमल्यास अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून ‘या चॅसिस नंबरवर एखादे रिकॉल बाकी आहे का?’ असे नेमके विचारावे, कारण केवळ मॉडेलचे नाव सांगून खात्रीचे उत्तर मिळत नाही. आज ‘नाही’ म्हटले तरी सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे, कारण रिकॉल गाडी विकल्यानंतर अनेक वर्षांनीही जाहीर होऊ शकते.

रिकॉल निघाल्यास दुरुस्ती होईपर्यंत काय करू नये, ही सूचना सर्वप्रथम वाचावी. सप्टेंबर २०२१ मध्ये, गणेश चतुर्थीच्या आठवडाभर आधी, मारुती सुझुकीने मोटर जनरेटर युनिट या इंजिनाला जोडलेल्या विद्युत भागाच्या तपासणीसाठी १,८१,७५४ पेट्रोल गाड्या बोलावल्या, तेव्हा साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नये आणि विद्युत भागांवर थेट पाणी मारू नये, असे मालकांना सांगितले होते. भर पावसात महामार्गाने गावी येणाऱ्या चाकरमान्यासाठी ही सूचना किती मोलाची होती, हे वेगळे सांगायला नको. जानेवारी २०२३ मध्ये त्याच कंपनीने अपघातात एअरबॅग उघडण्याचा आदेश देणाऱ्या एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या आणि भाग बदलेपर्यंत गाडी चालवूच नये, असे कळवले. अशी सूचना असेल तर गाडी जागेवरच ठेवून ती नेण्याची व्यवस्था कंपनीकडे मागावी.

जुनी गाडी आहे म्हणून हा तपास टाळू नये. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधील अमोनियम नायट्रेट, म्हणजे जळून वायू तयार करणारे व एअरबॅग फुगवणारे रसायन, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व दमटपणाने बिघडत असे. मग अपघातात एअरबॅग उघडताना ते अतिवेगाने जळून धातूचे आवरण फुटे आणि त्याचे तुकडे माणसांच्या अंगात घुसत. अमेरिकेत उष्ण व दमट भागांतील गाड्यांना यासाठी प्राधान्य देण्यात आले, आणि होंडाने भारतातही अशा गाड्या परत बोलावल्या. आपला किनारा तर बारमाही दमट आहे.

सर्व्हिस सेंटर चिपळूण किंवा कुडाळला आणि आपले गाव खाडीपलीकडे, अशी स्थिती असल्यास भाग आला आहे का, हे विचारूनच निघावे. काम झाल्यावर जॉब कार्डवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, रिकॉलचा उल्लेख असल्याची खात्री करावी आणि तो कागद आरसीसोबत ठेवावा. गाडी विकताना तो नव्या मालकाला द्यावा.

टाळाटाळ झाल्यास कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला लेखी कळवावे व राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिकॉल जाहीरच झालेले नसेल, पण गाडीत मुळातला दोष आहे असे वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या वाहन पोर्टलवर तशी तक्रार करता येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ नुसार सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत, ते सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहेत आणि त्यांत १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा आदेश निघताना किती मालकांनी तोच दोष कळवला, हे पाहिले जाते. त्यामुळे आपल्यापुरती दुरुस्ती पदरमोड करून उरकली असली, तरी तक्रार अवश्य नोंदवावी.