घरच्या शाळेची वही: धड्यांना तारखा नकोत, नोंदींना हव्यात

पाच-सहा वर्षांच्या मुलाला शाळेऐवजी घरीच शिकवताना महिनाभराचं तारीखवार वेळापत्रक केलं, की एका आजारपणात पुढच्या सगळ्या तारखा चुकतात आणि मागे पडल्याची धास्ती सुरू होते. म्हणून धड्यांना फक्त क्रमांक द्या. आठवड्याला वाचनाचे चार, गणिताचे चार, एवढंच ठरवा. राहिलेला क्रमांक पुढच्या आठवड्यात पहिला घ्यायचा.

नोंद मात्र त्याच दिवशी, तारखेसह. ‘गणित केलं’ या नोंदीतून काहीच कळत नाही. ‘८ + ५ मणी मोजून जमलं, मण्यांशिवाय अडलं’ असं लिहिलं तर उद्या पुन्हा मणीच काढायचे हे ठरतं. दोन ओळी पुरतात. आठवड्याअखेरीस आठवून लिहिताना नेमके हेच बारकावे निसटतात.

कामाचा प्रत्येक कागद जपू नका. महिन्याला प्रत्येक विषयाचा एक नमुना, मागे तारीख. तो सर्वांत सुबक निवडू नका, नेहमीसारखा निवडा, नाहीतर प्रगती दिसणार नाही. ठोकळे, मातीकाम यांचा फोटो काढा. वाचनाचं मात्र मिनिटभराचं रेकॉर्डिंगच करा, आणि तीन महिन्यांनी तोच उतारा पुन्हा वाचून घ्या.

कायद्याने हजेरी किंवा तास दाखवावे लागत असतील, तर वहीत त्यासाठीचा रकाना पहिल्या दिवसापासून आखा.