सीमाभागातल्या शिक्षकांनो, पोरांच्या मोबाईलवर काही पाठवताना या चुका टाळा

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कुलात विज्ञान शिकवत मला 22 वर्षं झाली. शिक्षकांच्या खोलीत ऐकतो की पोरं मोबाईलनं बिघडली, आणि पोरं म्हणतात सरांना मोबाईलमधलं काही कळत नाही. मला यात वयाचा दोष फारसा दिसत नाही. आपण पाठवलेलं समोरच्याच्या मोबाईलवर कसं दिसतं, हे कोणी उघडून बघत नाही. बहुतेक घोळ तिथेच होतात.

जुन्या फॉन्टमधली फाईल तशीच पाठवणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी तीच. 2020 च्या पावसाळ्यात शाळा बंद होत्या. दहावीसाठी चार पानी सरावपत्रिका मी रात्री जागून टाईप केली, तीही वर्षानुवर्षं हाताखालच्या जुन्या फॉन्टमध्ये, आणि वर्डची फाईल ग्रुपवर टाकली. माझ्या स्क्रीनवर स्वच्छ मराठी होतं. जांबोटीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका मुलीच्या घरात रेंज नव्हती. ती पावसात टेकावर जाऊन फाईल उतरवून आली. दोन दिवसांनी तिचा फोन आला : "सर, सगळं वहीत लिहून घेतलंय, पण हे कुठल्या भाषेत सोडवायचं ओ?"

तिच्या मोबाईलवर चारही पानं इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांनी भरली होती. सरांनी पाठवलंय म्हणजे बरोबरच असणार, म्हणून तिनं ती एकेक करून उतरवली होती. शाळा उघडल्यावर ती वही मी मागून घेतली. अजून माझ्या कपाटात आहे.

कारण समजून घ्या. जुन्या फॉन्टच्या फाईलमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. तो फॉन्ट ज्या मोबाईलवर नाही तिथे आतली अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे 'क' सगळीकडे 'क'च राहतो.

तेव्हा युनिकोडमध्ये टाईप करा आणि पीडीएफ करून पाठवा. युनिकोड टाईप करायच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर हात बसायला मला पंधरा दिवस लागले. नवे शिक्षक दुसऱ्याच दिवशी कंटाळतात आणि जुन्या फाईली, जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढून मोकळे होतात. हा शॉर्टकट मला पटत नाही. वापरायचाच असेल तर रफार, 'ऱ्या' आणि जोडाक्षरं असलेला प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घाला. ग्रुपवर टाकण्याआधी मी फाईल माझ्या बायकोच्या जुन्या मोबाईलवर पाठवून बघतो, मग एका विद्यार्थ्याला. त्याचं "दिसतंय सर" आल्याशिवाय पुढे जात नाही.

मराठी दिसलं की आपलंच समजणे

आपली पोरं मराठीतून शिकतात, पण दहावीची परीक्षा कर्नाटकाची, म्हणजे एसएसएलसी, देतात. यूट्यूबवर 'दहावी मराठी माध्यम' शोधलं की बहुतेक धडे महाराष्ट्र बोर्डाचे येतात. तिकडे गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे दोन पेपर, आपल्याकडे एकच. तिकडे भाषेचे 100 गुण, आपल्याकडे पहिल्या भाषेचे 125 आणि एकूण 625. माझ्या वर्गातला एक हुशार मुलगा जानेवारीपर्यंत भूमितीच्या वेगळ्या पेपरची तयारी करत होता. रोज दोन तास व्हिडिओ बघायचा. वर्गात त्याला कोणी विचारलं नाही की बाळा, तू नेमकं काय बघतोस. मीही नाही.

दीक्षा या सरकारच्या अभ्यासाच्या अ‍ॅपमध्येही तेच होतं. घाईत माध्यम मराठी निवडताना बोर्ड महाराष्ट्राचं निवडलं जातं. आधी बोर्ड कर्नाटक, मग माध्यम मराठी, मग इयत्ता. मी तर व्हिडिओ सांगण्याआधी पुस्तक उघडून धड्याचं नाव जुळवतो, आणि पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड असेल तर तोच स्कॅन करायला लावतो.

पोरांना सगळं येतं असं धरून चालणे

रील बनवणाऱ्या मुलाला उतरवलेली फाईल कुठे गेली ते सापडत नाही. पीयूसीच्या, म्हणजे अकरावीच्या, प्रवेशासाठी ईमेलला गुणपत्रक जोडायचं म्हटलं की तो गप्प होतो. हे शिकवायला लागतं, आणि ते आपलं काम आहे.

मोबाईल विद्यार्थ्याच्या हातात देऊन "तूच कर" म्हणणे

पासवर्ड आणि ओटीपी सांगू नका. पोराला शेजारी बसवा, बोट तुमचंच चालू द्या. दोनदा चुकाल, तिसऱ्यांदा जमेल.

बोलून टाईप करताना भाषा न बघणे

हिंदी निवडलेली असेल तर मराठी वाक्यात 'है' घुसतं. सेटिंगमध्ये मराठी करा.

दुपारी गृहपाठ पाठवून संध्याकाळी मागणे

घरातला एकच मोबाईल वडिलांबरोबर बेळगावात उद्यमबागच्या फौंड्रीत गेलेला असतो. कुणाचे वडील गोव्याला कामाला असतात, तो मोबाईल शनिवारीच घरी येतो. मी प्रत्येक मुलाच्या नावापुढे मोबाईल केव्हा हातात येतो ते वहीत लिहून ठेवलंय.

एआयनं लिहिलेला निबंध बघून नुसतं रागावणे

'माझे गाव' या निबंधात मलप्रभा नदीकाठच्या पोराच्या गावाला समुद्रकिनारा आला, तेव्हा मीही आधी ओरडलो. त्यानं मान खाली घातली आणि काहीच बोलला नाही. आता ओरडत नाही. निबंध मिटवून ठेवतो आणि विचारतो, "तुझ्या गावात नदीला उतार कुठं मिळतो रे?" तो सांगायला लागतो, आणि मी म्हणतो, हेच लिही.