जाम झालेलं डिझेल इंजिन असं सोडवलं

एनसीसीच्या एअर विंगपासून सोबत असलेलं, मॉडेल विमानाचं दीड सीसीचं डिझेल इंजिन कपाटात पडून जाम झालं होतं. कारण ठरलेलं, इंधनातलं एरंडेल सुकून डिंक होतो. इथे पक्कड लावायची नाही, कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकतो. रात्रभर रॉकेलमध्ये (मिळालं तर!) बुडवलं, नीट पुसून हेअर ड्रायरने तापवलं, प्रोपेलर फिरला. सिलिंडरच्या वरच्या टोकाचा कॉन्ट्रा पिस्टन, म्हणजे दाब कमी-जास्त करायला वर-खाली सरकणारा छोटा पिस्टन, मात्र हटेना. त्याला खाली दाबणारा कॉम्प्रेशन स्क्रू सैल करून, पुन्हा तापवून प्रोपेलर फिरवला, तेव्हा तो टक् करून वर सरकला.

इंधन ताजंच हवं: ईथर, रॉकेल, एरंडेल समसमान. जुन्या बाटलीतलं ईथर उडून गेलेलं असतं, मग प्रोपेलरला कितीही टिचक्या मारा, इंजिन सुरू होत नाही. एक्झॉस्टमधून ताज्या इंधनाचे दोन थेंब सोडले आणि इंजिन धडधडलं. आता उडवून झालं की टाकी रिकामी करून आत शिलाई मशीनचं तेल सोडतो.