भाजी खाते, गोळी घेते, तरी रक्त वाढेना? या चुका टाळा

उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून मी सव्वीस वर्षं काढली. किती बायकांच्या बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन पाहिलं, याची मोजदाद नाही. आकडा आठ-नऊच्या घरात, म्हणजे बराच कमी आला की समोरून ठरलेलं उत्तर यायचं, "सिस्टर, भाजी तर रोज खाते." आणि ती खरंच खात असायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. या सगळ्या काही उपाशी राहत नाहीत. रक्त बनायला लोह लागतं, पण पुष्कळ जणींच्या पोटात गेलेलं लोह रक्तापर्यंत पोचतच नाही, आणि त्याला अडवणारी वस्तू घरच्याच चुलीवर उकळत असते.

जेवणाला लागून चहा

माझा सगळ्यात जास्त राग या सवयीवर आहे, म्हणून आधी हीच. चहातलं टॅनिन भाजी-भाकरीतल्या लोहाला आतड्यात धरून बसतं आणि ते लोह शोषलं न जाता बाहेर पडतं. मटण-मासळीतल्या लोहाला याची झळ फार लागत नाही. पण शाकाहारी ताटातलं लोह मुळातच कमी शोषलं जाणारं, त्यावर पुन्हा चहा. दूध घातलं म्हणून चहा निरुपद्रवी होत नाही, आणि कॉफीचंही तेच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा-कॉफी घेऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे.

एका सुनेची गोष्ट सांगते. चौथा महिना, हिमोग्लोबिन ८.४. डॉक्टरांनी रोज दोन लाल गोळ्या लिहून दिल्या. अशा एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. महिन्याने पाहिलं तर ८.५. मी तिला सगळ्यांदेखत बोलले, "गोळ्या उकिरड्यावर टाकतेस ना?" ती खाली मान घालून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने आशाताईच्या हाती रिकामी पाकिटं पाठवली, एकूण एक जपून ठेवलेली. ती टेबलावर पाहिली आणि माझी मला लाज वाटली. तिची माफी मागायला सकाळी सातला घरी गेले आणि दुपारपर्यंत तिथेच थांबले.

तेव्हा उलगडा झाला. गोळी जिभेवर लोखंडासारखी लागते, म्हणून ती दोन्ही गोळ्या सकाळच्या पहिल्या चहाबरोबर उतरवत होती. कॅल्शियमची गोळीही त्याच घोटात, "एकदाच काय ते आटपतं" म्हणून. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर कॅल्शियम लोहाची वाट अडवतं. दुपारी सासरे रानातून आले, जेवणं झाली, आणि खरकटी ताटं उचलायच्या आत सासूबाईंनी आधण ठेवलं. म्हणजे गोळीवर चहा आणि भाकरीवरही चहा.

सुनेला एकटीला "तू चहा सोड" सांगून काही होत नाही. घरातल्या सगळ्यांच्या हातात कप असताना ती एकटी नको म्हणत नाही, म्हटलं तरी कुणी ऐकत नाही. म्हणून मी सासूबाईंशी बोलले आणि सगळ्या घराचाच दुपारचा चहा चार वाजता ढकलला. एक गोळी सकाळी अकराच्या सुमारास, दुसरी रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी, दोन्ही लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत. गोळ्या त्याच, भाकरी-भाजी तीच. अडीच महिन्यांनी आकडा १०.६ झाला. त्यानंतर मी कुठल्याही बाईला "गोळी घेतेस का?" असं विचारणं बंद केलं. "गोळी कशाबरोबर घेतेस?" असं विचारते.

माझ्या घरी जेवणानंतर बडीशेप असते. पाहुणे आले तरी चहा तासाभराने. सुरुवातीला नातेवाइकांना हे तऱ्हेवाईक वाटलं, आता सगळ्यांना ठाऊक आहे.

ताटात लिंबाची फोड नसणं

क जीवनसत्त्वामुळे भाजी-भाकरीतलं लोह जास्त शोषलं जातं. पण भाजी उकळत असतानाच लिंबू पिळलं तर उष्णतेने क जीवनसत्त्व बरंच वाया जातं. खाली उतरवून, ताटात वाढल्यावर पिळा. लिंबू महाग असेल त्या दिवसांत पेरू किंवा आवळा खा. पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं, आणि गावात तो फुकट मिळतो.

लाल दिसलं की रक्त वाढतं

बीट लाल, डाळिंब लाल, म्हणून रक्त वाढणार, ही समजूत काही केल्या जात नाही. दोन्ही चांगलेच पदार्थ आहेत, पण शंभर ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमही लोह नसतं. गुळाचंही तसंच. दहा ग्रॅमच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमसुद्धा मिळत नाही, आणि प्रौढ बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरलेली आहे. मजुरीचे पैसे मोडून बायकोसाठी डाळिंबं नेणारे नवरे मी पाहिलेत. त्यांची माया खरी असते, म्हणून सांगताना जीव तुटतो. त्याच पैशांत बाजरी, मटकी, राजगिऱ्याची भाजी, काळे तीळ, हळीव आणा. खात असाल तर महिन्यातून दोनदा कलेजी. फक्त गरोदर बाईने ती डॉक्टरांना विचारूनच खावी. बाजरी पेरणाऱ्यांनी 'धनशक्ती' वाणाची चौकशी करावी. राहुरीचं कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांनी मिळून काढलेला हा वाण जास्त लोहासाठीच आहे. मटकी भिजवून मोड आणा, घाईघाईने कोरडी शिजवू नका. मोड आल्यावर लोहाला अडवणारं फायटिक आम्ल कमी होतं.

पालकाचा गवगवाही मला पटत नाही. त्यातल्या लोहाचा फार थोडा भाग अंगी लागतो. पालक जरूर खा, पण नुसत्या त्याच्यावर विसंबू नका.

दहा दिवसांत गोळी बंद

शौचाला काळं झालं की बायका घाबरून गोळी सोडतात. लोहाच्या गोळीने काळं होतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर लगेच घ्या. थोडं कमी शोषलं जाईल, पण गोळी सुटण्यापेक्षा ते बरं. पोट घट्ट होत असेल तर पाणी आणि भाजी वाढवा. गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस गोळी घ्यायची असते. दहा दिवसांनी "फरक वाटत नाही" म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

"सिस्टर, एक बाटली लावा, ताकद येईल" ही मागणी तर रोजची. सलाइनमध्ये मीठ, पाणी, फार तर साखर असते, लोह नसतं. शिरेतून द्यायचं लोह वेगळं. ते कुणाला द्यायचं हे डॉक्टर ठरवतात, आणि त्यांनी सांगितलं तर मागे हटू नका. दुकानातून उचललेल्या रक्तवाढीच्या टॉनिकवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

लोखंडी कढईत भाजी जरूर करा, पण आंबट कालवण रात्रभर त्यात ठेवू नका.

लहान मुलाला दिवसभर नुसतं दूध पाजू नका. दुधात लोह नावालाच, आणि पोट भरल्याने ते भाकरीला तोंड लावत नाही.

जंतांमुळेही रक्त कमी होतं, म्हणून जंताची गोळी शाळेत-अंगणवाडीत मिळते त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

नंदुरबार, गडचिरोली या भागांत रक्त कमी निघालं की सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी आधी करून घ्या. तिथे नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी प्रश्न सुटत नाही.

आणि पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी निघालं तर रक्त जातंय कुठून हे शोधावं लागतं. मूळव्याध असेल, पोटात अल्सर असेल, आणखी काही असेल. अशा माणसाला हळिवाचे लाडू करून देत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या.