बार्बेरियन खेळताय? मग या चुका टाळा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकत गोष्ट रंगवण्याचा टेबलावरचा खेळ. तो नव्याने खेळणाऱ्याच्या हातात हमखास बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा, दिला जातो. सोपा आहे म्हणे. कुऱ्हाड उचलायची, फासा टाकायचा. मीही कित्येकांना हेच सांगितलंय. पण या क्लासचा (पात्राच्या प्रकाराचा) सगळा जीव रेजमध्ये, म्हणजे वार जड करणाऱ्या आणि शस्त्रांचा मार निम्मा करणाऱ्या संतापात, आणि टेबलावर सर्वांत जास्त वाया जातो तोही रेजच. पुढचं सगळं २०१४च्या नियमांनुसार.

तिसऱ्या लेव्हलला लाँग रेस्टपर्यंत (रात्रभराच्या विश्रांतीपर्यंत) रेज मिळतात ३. दार उघडतं, ८० फुटांवर धनुष्यवाला गॉब्लिन. खेळाडू ओरडतो, “रेज!” ३० फूट चालतो, डॅश करून, म्हणजे हल्ल्याऐवजी पुन्हा धावून, आणखी ३०. गॉब्लिन अजून २० फूट लांबच. पाळी संपली, ना हल्ला केला, ना मार खाल्ला. झालं, रेज तिथेच विझला. आधी नुसतं धावा, अंगाला भिडलात की रेज. अगदीच राहवत नसेल तर भाला फेका. नेम चुकला तरी तो हल्लाच, रेज टिकतो. मात्र रेजचे जादा २ डॅमेज फेकलेल्या भाल्याला मिळत नाहीत. हे निम्मे डीएमसुद्धा (खेळ चालवणारे) विसरतात. २०२४च्या नियमांत बोनस ॲक्शन (पाळीतली जादा छोटी कृती) खर्चूनही रेज टिकवता येतो, म्हणून कोणती आवृत्ती चालू आहे ते पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

रेकलेस अटॅक, म्हणजे बचाव सोडून, दोन फासे टाकून मोठा आकडा घेत केलेला वार, दर पाळीला करणारे भेटतात. वीस बाजूंच्या फाशावर ११ हवे असतील तर ५० टक्क्यांची शक्यता ७५ होते, खरंय. पण तुमच्यावर वार करणाऱ्या प्रत्येकालाही तोच फायदा. समोर एकटा ओगर (धिप्पाड राक्षस) असेल तर खुशाल करा: रेजमध्ये त्याच्या सोट्याचे १३ डॅमेज ६ वर येतात. रेज नसताना सहा जणांच्या घोळक्यात हेच केलंत तर क्लेरिकचे (जखमा भरणाऱ्या पुजाऱ्याचे) सगळे स्पेल तुमच्यावरच खर्ची पडतील.

उघड्या छातीचा हट्टही नको. डेक्स्टेरिटी (चपळाई) +२, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +३ असेल तर आर्मर क्लास, म्हणजे तुम्हाला वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा, १५. हाफ प्लेट हे चिलखत घातलं की १७. रेजला बंदी फक्त हेवी आर्मरची आहे, आणि हाफ प्लेट मीडियममध्ये येतं. चित्रात शोभत नाही, एवढंच.

खरा घात होतो विझडम सेव्हवर, म्हणजे मनावरची जादू झटकण्यासाठी टाकलेल्या फाशावर. डीएमने ‘फिअर’ हा भीतीचा स्पेल टाकला आणि सेव्ह हुकला, की हातातली कुऱ्हाड खाली आणि तुम्ही पळत सुटलेले. हल्ला नाही, त्यामुळे पळताना कुणी मारलं नाही तर रेजही गेला. सहाव्या लेव्हलचा बर्सर्कर (बार्बेरियनचाच एक उपप्रकार) रेजमध्ये असताना घाबरत नाही. बाकीच्यांनी क्लेरिककडून आधीच ‘ब्लेस’ (फाशाच्या आकड्यात भर घालणारा स्पेल) मागून घ्यावा, आणि पहिला घाव मांत्रिकावर घालावा, मग समोरचा ओगर कितीही खुणावत असो.